जबड्याच्या हाडातल्या साध्या गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबड्याच्या हाडात गाठ निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅन्सर तर नाही ना? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. घोळ होतो तो त्यानंतर. कोणी ‘नुसती खरवडून काढू’ म्हणतं, कोणी ‘जबड्याचा तुकडा काढावा लागेल’ म्हणतं, कोणी ‘काहीच करू नका’ म्हणतं. गंमत म्हणजे वेगवेगळ्या गाठींच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: आधी गाठीचं नेमकं नाव कळू द्या, मग उपचार ठरवा. ही माहिती विषय समजावा म्हणून दिली आहे. तुमच्या एक्स-रेचा अर्थ मात्र तुमच्या डॉक्टरांनीच लावायचा.

भलत्याच दातासाठी एक्स-रे काढला आणि जबड्यात डाग दिसला. काय असू शकतं?

पुष्कळ काही. एक्स-रेवर काळा डाग म्हणजे तिथलं हाड विरघळलंय किंवा त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतलीय. पांढरा डाग म्हणजे तिथे हाड किंवा दातासारखा कठीण पदार्थ जास्त साठलाय. काळ्या डागांमध्ये सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे किडलेल्या दाताच्या मुळाशी झालेला संसर्ग किंवा त्यातून तयार झालेली पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट. त्यानंतर नंबर लागतो न उगवलेल्या दाताभोवतीच्या सिस्टचा. अक्कलदाढ आणि वरचा सुळा हे तिचे आवडते दात. खऱ्या अर्थाने ज्याला ट्यूमर म्हणतात त्या गाठी या मानाने कमीच. पांढरा डाग अनेकदा नुसता घट्ट झालेल्या हाडाचा ठिपका असतो आणि त्याला कसलाच उपचार लागत नाही.

तेव्हा घाबरू नका, पण फाइल कपाटात टाकून विसरूही नका.

कॅन्सर नाही म्हणता, मग काढायची कशाला?

साधी गाठ सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, जीव घेत नाही. कॅन्सरपेक्षा तिचा हा फरक फार मोठा आहे. पण जिथे आहे तिथे ती काय करेल, हे त्यावरून कळत नाही. काही गाठी वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात. काही मात्र हळूहळू हाड पोखरत जातात, दातांची मुळं झिजवतात, दात सरकवतात, चेहरा एका बाजूने फुगवतात. खालचा जबडा इतका पातळ होऊ शकतो की साधं काही चावताना मोडतो. वरच्या जबड्यात गाठ वाढली तर शेजारी सायनस, नाक, डोळ्याची खोबण आणि त्यामागे मेंदूच्या तळाचं हाड आहे. तिथे वाढायला जागा भरपूर आणि अडवायला हाड पातळ, म्हणून वरच्या जबड्यातली आक्रमक गाठ सर्जनला जास्त सतावते.

दुखत नाही. मग गंभीर नसेल ना?

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात तो याच समजुतीमुळे. जबड्यातल्या बहुतेक साध्या गाठी दुखत नाहीत. ज्या गाठीला सगळ्यात मोठी शस्त्रक्रिया लागते ती अमेलोब्लास्टोमासुद्धा बराच काळ न दुखता वाढते. उलट दुखण्याचं कारण पुष्कळदा संसर्गासारखं साधं असतं. दुखण्यावरून गाठ तोलू नका.

कोणती लक्षणं दिसली तर लगेच दाखवावं?

खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूने बधिर होणं, तेही दात काढलेला नसताना किंवा इंजेक्शन दिलेलं नसताना. हे लक्षण सगळ्यात वर ठेवतो, कारण साधी गाठ ओठाला जाणीव देणाऱ्या नसेला सहसा बाजूला ढकलते, तिचं काम बंद पाडत नाही. बधिरपणामागे कॅन्सर किंवा हाडातला मोठा संसर्ग असू शकतो. काही आठवड्यांतच भराभर वाढणारी सूज, हिरड्या चांगल्या असूनही एकाच भागातले दात हलायला लागणं, दात काढल्यावर खड्डा न भरणं, उलट त्यातून मांसल काहीतरी वर येणं, दोन आठवडे होऊनही न भरणारा व्रण, मानेत लागणारी टणक गाठ: यातलं काहीही असेल तर पुढच्या महिन्यातल्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

कवळी अचानक नीट बसेनाशी झाली किंवा दातांमध्ये नवी फट पडली, तर तेही कळवावं. तितकी घाई नसते, पण हाड फुगतंय याची ती खूण असू शकते.

टाळूच्या मधोमध टणक उंचवटा लागतोय. ही गाठ आहे का?

मध्यरेषेवर असेल, हाडासारखा टणक असेल, वरची त्वचा नेहमीसारखी असेल आणि वर्षानुवर्षं तेवढाच असेल, तर बहुधा तो टोरस आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, असेच दोन्हीकडे उंचवटे असतात. ही हाडाची नैसर्गिक ठेवण आहे. कवळी बसवायला अडथळा येत असेल तरच काढतात. एकदा दाखवून खात्री करून घ्या आणि मग रोज जीभ लावून पाहणं सोडा.

या गाठी होतात कशामुळे? तंबाखूमुळे?

तंबाखूचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी आहे, हाडातल्या या साध्या गाठींशी नाही. अर्थात तंबाखू आणि सिगारेटमुळे शस्त्रक्रियेची जखम भरायला वेळ लागतो आणि बसवलेलं हाड किंवा इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे सर्जन ती सोडायला सांगतात ते उगाच नाही.

जबडा हे शरीरातलं एकच ठिकाण आहे जिथे हाडाच्या आत दात तयार होतात. दात घडवणाऱ्या पेशींचे अवशेष आयुष्यभर हाडात आणि हिरडीत राहून जातात, आणि त्यांच्यापासून अशा गाठी होतात ज्या बाकीच्या सांगाड्यात सहसा पाहायला मिळत नाहीत. बाकीच्या गाठी हाडाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या पेशींपासून होतात. अलीकडे अनेक गाठींमागचे जनुकीय बदल सापडले आहेत: अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ या जनुकात, फायब्रस डिस्प्लेशियात (ती पुढे येईल) जीएनएएस या जनुकात. हे बदल बहुतेक वेळा त्या गाठीपुरते किंवा शरीराच्या त्या भागापुरते असतात, आईवडिलांकडून आलेले नसतात. लहानपणी लागलेला मार, दात काढणं, कडक पदार्थ चावणं यांनी गाठ होते याला आधार नाही. मार लागला म्हणून एक्स-रे काढला आणि आधीच असलेली गाठ सापडली, असं मात्र होतं.

नेहमी आढळणाऱ्या गाठी कोणत्या आणि त्या कशा वागतात?

सगळ्यांची यादी दिली तर पुस्तक होईल. रिपोर्टवर जी नावं वारंवार दिसतात तेवढीच सांगतो.

ओडोन्टोमा ही दाताच्याच पदार्थांची बनलेली गाठ. एका प्रकारात छोटे छोटे दातासारखे तुकडे पुडक्यासारखे एकत्र असतात, दुसऱ्यात नुसताच वेडावाकडा कठीण गोळा. बहुतेक किशोरवयात कळते: पक्का दात वेळेत उगवला नाही म्हणून एक्स-रे काढतात आणि त्याच्या वाटेत ही सापडते. छोट्या शस्त्रक्रियेने निघते, परत येत नाही म्हटलं तरी चालेल, आणि अडकलेला दात पुष्कळदा तारा लावून खाली आणता येतो. गाठ व्हायचीच असेल तर ही परवडली.

अमेलोब्लास्टोमा हे याचं दुसरं टोक. दर पाचांपैकी सुमारे चार खालच्या जबड्यात, बहुतेक दाढांच्या मागच्या भागात होतात. एक्स-रेवर पुष्कळदा साबणाच्या फुग्यांसारखे कप्पे दिसतात. वाढ संथ, पण हाडात शिरून बसायची सवय वाईट. तिच्यावर पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे. ओडोन्टोजेनिक मिक्सोमा ही गाठही याच स्वभावाची: बुळबुळीत, हद्द नसलेली, अर्धवट काढली तर परत येणारी.

ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे ओकेसी, हिचं नाव बदलत राहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००५ साली तिला ट्यूमर म्हटलं आणि २०१७ साली पुन्हा सिस्टमध्ये आणलं. जुन्या आणि नव्या रिपोर्टवर दोन वेगळी नावं दिसली तर गोंधळू नका. ती जबडा न फुगवता हाडाच्या आतल्या आत लांबवर जाते, त्यामुळे सापडते तेव्हा बरीच मोठी असते. तिचं अस्तर पातळ आणि सहज फाटणारं असतं. एखादा तुकडा मागे राहिला की त्यातून पुन्हा सिस्ट होते.

फायब्रस डिस्प्लेशियात हाडाच्या जागी तंतुमय, कच्चं हाड तयार होतं. वरच्या जबड्यात जास्त. एक्स-रेवर दुधी काचेसारखा भाग दिसतो आणि तो चांगल्या हाडात नकळत मिसळून जातो. हद्दच नसते, त्यामुळे ‘पूर्ण काढा’ म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. वाढ साधारणपणे वयात आल्यानंतर मंदावते. ऑसिफाइंग फायब्रोमा सूक्ष्मदर्शकाखाली बरीचशी अशीच दिसते, पण तिला स्पष्ट हद्द असते आणि ती पूर्ण काढायची असते.

सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा ही मोठमोठ्या पेशी दिसणारी गाठ तिशीच्या आत, आणि स्त्रियांमध्ये जास्त. ऑस्टिओमा ही घट्ट हाडाची, सावकाश वाढणारी गाठ. त्रास नसेल तर तिला हात न लावलेलाच बरा.

कोणत्या तपासण्या लागतात?

सुरुवात ओपीजीने, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेने होते. तो सपाट असतो. गाठ पुढून मागे किती जाड आहे, हाडाची भिंत फुटली आहे का, हे त्यात कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, किंवा साधा सीटी स्कॅन. गाठ हाडाबाहेर मऊ भागात आली असेल किंवा आत पाणी आहे की मांस हे पाहायचं असेल तर एमआरआय. प्रत्येकालाच तिन्ही लागत नाहीत. ओडोन्टोमासाठी एमआरआय सांगितला तर कारण विचारा.

दात जिवंत आहे की नाही ही तपासणी मात्र फुकटात होते आणि बरंच काही सांगून जाते. गार किंवा विजेचा हलका स्पर्श देऊन दाताची जाणीव पाहतात. डागाजवळचे दात जिवंत असतील तर तो डाग किडलेल्या दाताचा नाही, हे तिथेच कळतं.

मला लगेच रूट कॅनाल करायला सांगितलं आहे. करू का?

त्या दाताची जाणीव तपासली आहे का, ते आधी विचारा. सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशिया नावाचा एक बदल असतो, बहुतेक मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी. सुरुवातीला तो काळा दिसतो, हुबेहूब मुळाच्या संसर्गासारखा. पुढे काही वर्षांत मधून पांढरा होत जातो. दात पूर्ण जिवंत असतात. त्यांना रूट कॅनाल करणं म्हणजे चांगल्या दाताचा जीव काढणं, आणि त्याने डाग जातही नाही. या बदलाला बहुधा बायोप्सीसुद्धा, म्हणजे तपासायला तुकडा काढणंसुद्धा, करत नाहीत. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी असतो, उघडलं की संसर्ग होऊन हाडाचा तुकडा मरू शकतो. एक्स-रे, जाणीव-तपासणी आणि ठरावीक काळाने पुन्हा एक्स-रे, एवढंच पुरतं.

एक्स-रे इतका बोलका असेल तर बायोप्सी कशाला?

वरच्यासारखे काही अपवाद सोडले, तर एक्स-रेवरून अंदाज बांधता येतो, नाव पक्कं होत नाही. दाढेभोवतीची साधी सिस्ट, ओकेसी आणि एका कप्प्याची अमेलोब्लास्टोमा या तिघी एक्स-रेवर अगदी सारख्या दिसू शकतात, आणि तिघींचे उपचार वेगळे.

याची उलट बाजू क्वचितच सांगितली जाते: नुसत्या तुकड्यावरूनही नाव पक्कं होत नाही. फायब्रस डिस्प्लेशिया, ऑसिफाइंग फायब्रोमा आणि सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशिया या तिन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आणि हाडाचे तुकडेच दिसतात. पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे दाखवला नाही तर तो बिचारा ‘फायब्रो-ऑसियस लीजन’ एवढंच लिहून मोकळा होतो. रिपोर्ट असा गोळाबेरीज आला असेल तर सर्जन आणि पॅथॉलॉजिस्टने स्कॅन समोर ठेवून एकत्र पाहावं असा आग्रह धरा. तोंडाच्या आजारांत खास काम करणारे ओरल पॅथॉलॉजिस्ट असतात. हाडाच्या गाठीसाठी त्यांचं मत घेणं फायद्याचं.

तुकडा काढला की गाठ चिडते, पसरते, हे खरं का?

नाही. साधी गाठ बायोप्सीने पसरत नाही आणि कॅन्सरमध्ये बदलत नाही. एक मर्यादा मात्र खरी आहे: तुकडा लहान असतो आणि गाठ सगळीकडे सारखी नसते. पूर्ण गाठ काढल्यावर अंतिम रिपोर्टमध्ये नाव बदललं, असं होऊ शकतं. त्याची तयारी असावी.

बायोप्सीच्या आधी सुई घालून का पाहतात?

आत काय आहे ते कळावं म्हणून. पिवळसर पाणी आलं तर सिस्टची शक्यता, दाट पांढरट पदार्थ आला तर ओकेसीची. काहीच आलं नाही तर गाठ भरीव असावी. आणि लालभडक रक्त जोराने आलं तर सर्जन तिथेच हात थांबवतो. जबड्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी किंवा गुंते असू शकतात. हिरडीतून कारण नसताना रक्त येणं, दात हलणं, हाताला ठोका लागणं या त्यांच्या खुणा. अशी गाठ नकळत उघडली किंवा तिच्यातला दात उपटला तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. आधी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, बहुधा वाहिनी आतून बंद करणं, आणि मग पुढचं.

गाठ जबड्यात आणि रक्त तपासायला सांगितलं कॅल्शियमसाठी?

बरोबर सांगितलं. जायंट सेल ग्रॅन्युलोमा असा रिपोर्ट आला की कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासलंच पाहिजे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असतील तर हाडात ‘ब्राउन ट्यूमर’ होतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली अगदी असेच दिसतात. कारण ग्रंथीत असताना जबडा खरवडत बसण्यात काही हशील नाही. ग्रंथीवर उपचार झाले की हाडातली गाठ पुष्कळदा आपोआप भरून येते.

अमेलोब्लास्टोमा आहे. एक डॉक्टर खरवडून काढू म्हणतात, दुसरे जबड्याचा भाग काढावा लागेल म्हणतात. कोणाचं ऐकायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. खरवडणं अर्थातच मोहक वाटतं: शस्त्रक्रिया छोटी, चेहरा शाबूत, लवकर घरी.

अडचण अशी की नेहमीच्या, अनेक कप्प्यांच्या अमेलोब्लास्टोमाची एक्स-रेवर दिसणारी हद्द खरी नसते. तिच्या पेशी हाडाच्या जाळीत त्या रेषेच्या काही मिलिमीटर पुढे गेलेल्या असतात. दिसतं तेवढं खरवडलं की उरलेल्या पेशी कामाला लागतात. नुसत्या खरवडण्यानंतर निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये ही गाठ परत आल्याचे अहवाल आहेत, आणि परत येते तीही पाच-दहा वर्षांनी, सगळं विसरल्यावर. दुसऱ्यांदा ती मऊ भागात शिरलेली असू शकते आणि मग पहिल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून प्रौढांमध्ये या प्रकारासाठी एक्स-रेवरच्या हद्दीपलीकडे साधारण एक ते दोन सेंटिमीटर चांगलं हाड घेऊन तो भाग काढणं हा मान्य उपचार आहे. खालची कड पुरेशी जाड आणि निरोगी असेल तर ती ठेवून वरचा भाग काढता येतो, त्यामुळे जबड्याची सलगता राहते. नसेल तर आरपार भाग काढावा लागतो.

एकाच कप्प्याच्या प्रकाराची गोष्ट वेगळी. तो बहुधा कमी वयात होतो, आणि गाठ फक्त आतल्या अस्तरातच असेल तर ती सोलून काढणं पुरू शकतं. गाठ सिस्टच्या भिंतीत शिरली असेल तर अनेक सर्जन तिला नेहमीच्या प्रकारासारखंच वागवतात. मुलांमध्ये वाढणाऱ्या जबड्याचा विचार करून थोडा जास्त धोका पत्करून कमी कापाकापीचा मार्ग निवडतात. तेव्हा दोन डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर ‘कोणता प्रकार, भिंतीत शिरलीय का, वरचा जबडा की खालचा’ हे तीन प्रश्न दोघांनाही विचारा. पुष्कळदा मतभेद तिथेच मिटतो. माझा कल विचाराल तर प्रौढ रुग्णात, पक्क्या रिपोर्टवर, पहिलीच शस्त्रक्रिया पुरेशी मोठी असावी.

जबड्याचा तुकडा काढल्यावर चेहरा कसा दिसेल? खाता येईल का?

ही भीती खरी आहे आणि कोणी ती हसण्यावारी नेऊ नये. पण आज जबडा काढून तसाच सोडत नाहीत. अंतर लहान असेल, साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, तर कमरेच्या हाडाचा तुकडा बसवता येतो. त्याहून मोठं असेल तर पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत अमेरिकन सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली आणि आता ती जगभर रुळली आहे. सीटीवरून कॉम्प्युटरवर आधीच आराखडा करून हाड कुठे कापायचं त्याचे साचेही छापून घेता येतात. शस्त्रक्रिया लांबते, आठ-दहा तासही लागतात, आणि पहिले दोन-तीन दिवस बसवलेल्या भागात रक्त नीट खेळतंय का हे रात्रंदिवस पाहतात.

दात बसवायला पुढचे काही महिने जातात. नव्या हाडात इम्प्लांट घालून त्यावर दात लावता येतात. फक्त टायटॅनियमची पट्टी लावून हाड न बसवण्याचा पर्याय कधी कधी सुचवला जातो. तात्पुरता म्हणून ठीक, पण वर्षानुवर्षं चावण्याच्या ताणाने पट्टी मोडू शकते किंवा त्वचेतून बाहेर येऊ शकते.

पायाचं हाड काढल्यावर चालता येतं का?

येतं. शरीराचं बहुतेक वजन नडगीचं मोठं हाड पेलतं. घोट्याजवळचं टोक सहा-सात सेंटिमीटर ठेवूनच फिब्युला काढतात, म्हणजे घोटा डगमगत नाही. सुरुवातीला लंगडायला होतं, पायाचा अंगठा थोडा अशक्त वाटू शकतो, आणि पोटरीवर लांब व्रण राहतो. काढण्याआधी पायाच्या रक्तवाहिन्या तपासणं गरजेचं, कारण काही जणांत पाऊल जगतं ते नेमक्या त्याच वाहिनीवर.

नळी लावून गाठ लहान करता येते असं ऐकलं. कोणत्या गाठीला चालतं?

ज्यांच्या आत पाणी आहे अशांना: मोठ्या सिस्ट, ओकेसी, एका कप्प्याची अमेलोब्लास्टोमा. भोक पाडून नळी ठेवतात, आतला दाब गेला की भोवतीचं हाड हळूहळू आत भरत येतं. काही महिन्यांनी उरलेली छोटी गाठ काढतात, तोवर नस आणि दात तिच्यापासून दूर गेलेले असतात. यात अर्धं काम रुग्णाचं. घरी रोज सिरिंजने धुवावं लागतं, आणि कंटाळा केला तर नळी बुजते. ज्याला हे महिनोन्‌महिने जमणार नाही त्याने सुरुवातीलाच तसं सांगितलेलं बरं.

ओकेसी नुसती सोलून काढली तर परत येण्याचं प्रमाण बरंच असल्याने बाजूचं हाड थोडं घासतात किंवा उरलेल्या पेशी मारायला पोकळीला कार्नोय द्रावण, अलीकडे ५-फ्लुरोयुरासिल मलम, लावतात.

शस्त्रक्रियेशिवाय, औषधाने काही होतं का?

बहुतेक गाठींना नाही. जायंट सेल ग्रॅन्युलोमा हा अपवाद: गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं, कॅल्सिटोनिन, डेनोसुमॅब या औषधांनी ती आटल्याची उदाहरणं आहेत. डेनोसुमॅब थांबवल्यावर विशेषतः मुलांमध्ये रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं, त्यामुळे ते अनुभवी हातांतच हवं. अमेलोब्लास्टोमात २०१४ साली बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला. ज्यांच्या गाठीत तो आहे अशा काही रुग्णांत, शस्त्रक्रिया अशक्य किंवा अतिमोठी असताना, त्या बदलावर नेमकं काम करणाऱ्या गोळ्यांनी गाठ लहान झाली आहे. शस्त्रक्रियेची जागा मात्र अजून त्यांनी घेतलेली नाही.

रेडिएशन देऊन जाळून टाकता येत नाही का?

साध्या गाठीला सहसा देत नाहीत. फायब्रस डिस्प्लेशियात तर मुळीच नको. रेडिएशनने तिथे पुढे खरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

साध्या गाठीचा कॅन्सर होतो का?

फार क्वचित. अमेलोब्लास्टोमा अनेक वर्षांनंतर फुप्फुसात सापडल्याची विरळ उदाहरणं आहेत, विशेषतः पुन्हा पुन्हा अर्धवट काढलेल्या रुग्णांत. वर्षानुवर्षं शांत असलेली गाठ एकदम दुखायला किंवा वाढायला लागली तर वेळ न दवडता दाखवा.

मुलाचे दोन्ही गाल फुगत चालले आहेत. गालगुंड नाही म्हणतात.

दोन ते पाच वर्षांच्या मुलात दोन्ही बाजूंचे जबडे न दुखता फुगत असतील तर चेरुबिझम असू शकतो. तो बहुधा वंशाने येतो, वयात येईपर्यंत वाढतो आणि मग पुष्कळ अंशी आपोआप उतरतो. डोळ्यांवर, श्वासावर किंवा गिळण्यावर परिणाम नसेल तर धीर धरणं हाच उपचार. हे पालकांना पटवणं शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असतं.

घरातल्या इतरांना तपासायला हवं का?

एकच गाठ असेल तर बहुधा नाही. अनेक गाठी असतील तर नक्की विचारा. जबड्यात अनेक ऑस्टिओमा आणि जादा दात असतील तर गार्डनर सिंड्रोमची शंका घेतात. त्यात मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप, म्हणजे कोंबासारख्या गाठी, होतात आणि उपचार न केल्यास आतड्याचा कॅन्सर जवळजवळ अटळ असतो. इथे जबड्याच्या एक्स-रेमुळे आतड्याचा जीवघेणा आजार वेळेत कळू शकतो. तरुण वयात अनेक ओकेसी असतील तर गोर्लिन सिंड्रोम, आणि त्यात त्वचेच्या कॅन्सरवर लक्ष ठेवावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर राहील का?

खालच्या जबड्यात नस हाडाच्या आतूनच जाते. गाठ सोलून काढताना ती बहुधा वाचते. ताणली गेली असेल तर मुंग्या आणि बधिरपणा काही आठवडे ते महिने टिकतो. तो भाग आरपार काढला तर नसही जाते, आणि ओठाची त्या बाजूची जाणीव कायमची कमी होते. ओठ हलतो, बोलता येतं. फक्त गरम पेय लागलेलं कळत नाही, त्याची काळजी घ्यावी लागते. काही ठिकाणी नसेचा तुकडा जोडून जाणीव परत आणायचा प्रयत्न करतात. हे आधी विचारून ठेवा, नंतर विचारून उपयोग नसतो.

किती वर्षं तपासणीला यायचं?

ओडोन्टोमाला फार दिवस नाही. ओकेसी आणि अमेलोब्लास्टोमाला पहिली पाच वर्षं दर वर्षी नक्की, पुढेही दहा वर्षांपर्यंत, आणि अमेलोब्लास्टोमाच्या बाबतीत माझ्या मते आयुष्यभर, अंतर वाढवत का होईना.

दुसरं मत घ्यायचं आहे. कोणाकडे जाऊ आणि काय नेऊ?

तोंड आणि जबड्याच्या सर्जनकडे, म्हणजे मॅक्सिलोफेशियल सर्जनकडे. पायाच्या हाडाने जबडा उभा करायचा असेल तर सोबत मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन लागतो. अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात तिथेच जाणं शहाणपणाचं. नेताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. सगळे जुने एक्स-रे तारखेनुसार लावून घ्या, कारण गाठ दोन वर्षांत किती वाढली हे त्यावरूनच कळतं. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडे मागितले की मिळतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तेच लागतात, नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागेल. आणि सीटीची सीडी निघण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. कोरी सीडी घेऊन लांबून आलेले रुग्ण कमी नसतात.